हिवरे बाजारला निघण्याआधी

पाणी अडवून जिरवण्यासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारच्या फेरीला रविवार एप्रिलअखेरचा धरला आहे आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली आहे, की एवढ्या उन्हात नगरकडे कोण जातं. ऊन असणारच, चाळिशीचं. पण पावसाळ्यात सगळीच गावं हिरवी दिसतात. गावानं पावसाचं पाणी खरंच धरून ठेवलंय का, हे एप्रिल-मेमध्ये विहिरीत डोकावल्यावर कळतं. मागच्या वेळी आपण दिवाळीनंतर गेलो, डोंगराचे फोटो काढले, पिठलं-भाकरी खाल्ली आणि परत आलो. मोज्यांत अडकलेली कुसळं तेवढी आठवडाभर पुरली. या वेळी विहिरी बघायच्या, म्हणून तयारीही त्याच बेतानं करू.

पहिलं काम फोनचं. हिवरे बाजार बघायला येणाऱ्यांची कायम रीघ असते, त्यामुळे न कळवता बस दारात उभी करू नये. ग्रामपंचायतीशी बोलून वेळ ठरवा. त्यात हे लग्नसराईचे दिवस, तेव्हा त्या रविवारी गावात लग्न आहे का तेही विचारून घ्या, नाहीतर शिवारफेरीला सोबत यायला माणूस मिळणार नाही. माणसं किती, त्यात मुलं किती, ताटं किती हे त्याच फोनवर सांगून टाका, आणि फेरीचं काही शुल्क असेल तर तेही विचारा. राळेगणसिद्धी त्याच बाजूला आहे, तेही ‘करून घेऊ’ असं दोघांनी सुचवलंय. नको. एका दिवसात दोन गावं म्हणजे दोन्हीकडे फक्त फलक वाचून येणं.

निघण्याआधी थोडं डोक्यात असू द्या. गाव नगर तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. खाली काळा पाषाण आणि वर मुरमाचा पातळ थर, त्यामुळे पाणी मुरलं तर त्या थरात, नाहीतर ओढ्यानं गेलं. ७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, माणसं कामासाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री तेव्हाची. मग शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखं पाणीपिऊ पीक लावायचं नाही, हेही गावानं ठरवलं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. लोक डोंगरावरचे चर आणि बंधारे बघून भारावतात, पण चर खणलेली गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. चरांत मुरलेलं पाणी एकानंच बोअर मारून उपसायचं नाही, हे इथं ठरलं आणि पाळलं गेलं. माझ्या मते बघण्यासारखं ते आहे, आणि त्याचा फोटो निघत नाही.

म्हणून शनिवारी रात्री घरी एक गणित करून या. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. ४०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर. गावाचं क्षेत्र हजार हेक्टरला थोडं कमी, म्हणजे साधारण ३९० कोटी लिटर पाणी वर्षाला शिवारात पडतं. माणसं साडेबाराशे धरा, माणशी रोजचे ५५ लिटर धरा, वर्षाला अडीच कोटी लिटरच्या आसपास येतात. म्हणजे पिण्याचं पाणी एवढंसंच. बाकीच्यातलं काही उडून जातं, काही वाहून जातं, काही मुरतं, आणि मुरलेल्यावर शेती चालते. इथला पाण्याचा ताळेबंद याच हिशेबावर उभा आहे. पाऊस मोजायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीला काय बसतं ते ग्रामसभेत ठरवायचं. ज्यांनी घरी आकडे मांडले असतील त्यांना हे ऐकताना मजा येईल. बाकीचे सावली शोधतील.

आता सामान. दर पाच जणांमागे एक पत्र्याचा डबा आणा, दूध पावडरचा चालेल, दोन्ही तोंडं कापलेला. सोबत अर्ध्या लिटरचं माप. डबा दोन बोटं जमिनीत ठोकायचा, त्यात अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. एकदा चराच्या कडेला गवतात आणि एकदा तुडवलेल्या पायवाटेवर. मागच्या वेळी एकाच डब्यावर हे केलं होतं. गवतात पाणी बघता बघता गेलं, आणि वाटेवर आमचा चहा पिऊन झाला तरी डबा अर्धा भरलेलाच होता. डबा ठोकण्याआधी सोबतच्या गावकऱ्याला विचारायचं, हे सांगायला नको. तीन बांबू, सुतळी आणि ओळंब्यासाठी एक दगड मी आणतो. त्यांचा ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘A’च्या आकाराची चौकट करून समपातळीची रेषा आखून बघू. चर त्या रेषेतच का खणतात आणि माती उताराच्या बाजूलाच का टाकतात, ते हातानं आखल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, टोपी किंवा पंचा, पायात बूट. पाणी प्रत्येकी दोन लिटर, घरच्या बाटलीत. मागच्या वेळी पाणी वाचवणाऱ्या गावात आपण विकतच्या बाटल्यांची खोकी उतरवली, तेव्हा मलाच लाज वाटली. ताट-वाटी-पेला आपापला. मीठ-साखरेच्या पुड्या आणि प्रथमोपचाराची पेटी बसमध्ये असेल. काडेपेटी आणि लायटर मात्र बसमध्येच ठेवून उतरायचं. एप्रिलमध्ये डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका बिडीत कित्येक वर्षांची राखण जळून जाईल.

झाडाचं पानही तोडायचं नाही. मागच्या फेरीत आपल्यातल्या एकानं चढायला आधार म्हणून फांदी मोडून काठी केली होती. उतरताना एक म्हातारे भेटले. रागावले नाहीत. काठीकडे बघून एवढंच म्हणाले, “पाव्हणं, ही घरनं आणली का?” त्यानंतर ती काठी ठेवायची कुठं, हेच त्याला कळेना.

शेतकऱ्यांशी बोलताना ‘उत्पन्न किती’ या प्रश्नानं सुरुवात करू नका. तुमचा पगार कुणी पहिल्याच भेटीत विचारला तर कसं वाटेल? विहिरीला आज किती परस (म्हणजे किती पुरुषभर खोल) पाणी आहे, मोटर किती तास चालते, कांद्याला पाण्याच्या किती पाळ्या दिल्या, यंदा ताळेबंदात काय ठरलं आणि ते कुणाला जड गेलं, असं विचारा. शेवटचा प्रश्न जपून, पण विचाराच. गायी दावणीला बांधून चारा कापून आणावा लागतो, हा भार घरात कुणावर पडला, हे बायकांना विचारा, आणि तेव्हा पुरुषांनी थोडं लांब उभं राहा.

बस पहाटे साडेपाचला सुटेल, नाश्ता शिरूरला. उशिरा येणाऱ्यांनी थेट शिरूर गाठावं.

विहीर मोजायची दोरी तिघांकडे असावी. तीस मीटर, दर मीटरला गाठ, टोकाला दगड. मालकाला विचारल्याशिवाय सोडायची नाही, आणि कठडा नसेल तर जवळही जायचं नाही. दोरी ओली झाली तिथून पाण्याची खोली कळते आणि कोरड्या भागावरून पाणी किती खाली आहे ते. दोन्ही आकडे वहीत घ्या. गाठी घरूनच मारून आणा. मागच्या वेळी त्या बसमध्ये मारत होतो, आणि शिरूर येईपर्यंत अकराव्या गाठीपुढे कुणाचंच मोजणं कुणाशी जुळत नव्हतं.