फ्रेंचमधलं 'दों' सोलापुरी चादरीवरून लक्षात ठेवा
सोलापुरात घरी बसून फ्रेंच शिकताय ना, मग नुसतं क्रियापद पाठ करू नका, त्याच्यामागचं प्रीपोझिशन (म्हणजे 'द', 'आ' असे छोटे जोडशब्द) पण सोबतच घोका, पार्ले (बोलणं) नाही तर 'पार्ले द' (कशाबद्दल बोलणं), पाँसे (विचार करणं) नाही तर 'पाँसे आ' (कशाचा विचार करणं). कारण वाक्य जोडताना ते शेवटी लोंबकळत नाही, पुढं येऊन सर्वनामाला चिकटतं, आपल्या मराठीत पण तसंच की, 'जिच्याबद्दल बोलतोय ती चादर'. 'द' असलं की ते आणि सर्वनाम मिळून दों होतं: ला कुव्हेर्त्युर दों ज पार्ल, म्हणजे मी जिच्याबद्दल बोलतोय ती चादर. 'आ' असलं तर चादर स्त्रीलिंगी म्हणून आ लाकेल ज पाँस (जिचा मी विचार करतोय), माणूस असेल तर आ की. तिथं नुसतं 'क' (प्रीपोझिशनशिवायचं 'जो-जी-जे') घालायचा मोह लय होतो, टाळाच. आणि मराठीवरून अंदाज बांधू नका हां, आपण कुत्र्याला घाबरतो, फ्रेंचमध्ये मात्र घाबरणं म्हणजे 'आव्ह्वार पर द', म्हणजे परत दोंच.