फौजीचं सिबिल बिघडलंय आणि घर बांधायचंय? आधी बँकेत जाऊ नका

राजेहो, कापूस विकला की आमच्या वर्धा जिल्ह्याकडे घराचं काम काढायचा हंगाम येतो, आणि दरवर्षी त्याच सुमारास दोन-तीन माजी सैनिक माझ्याकडे येतात, हातात पेन्शनची स्लिप, तोंड पडलेलं, "भाऊ, तीन बँका फिरलो, सगळे सिबिल खराब म्हणून राहिले." मी आर्मीत क्लर्क होतो, कागद बारीक वाचायची सवय तिथलीच, म्हणून हे लिहितो. चौथ्या बँकेत जाऊच नका. प्रत्येक अर्जाला बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढते, म्हणजे आजवरची कर्जं कशी फेडली त्याची नोंद, त्याची इन्क्वायरी नोंदली जाते, महिन्याभरात अशा चार-पाच झाल्या की स्कोअर अजून उतरतो आणि पुढचा मॅनेजर समजतो की हा माणूस कर्जासाठी दारोदार फिरून राहिला.

आधी स्वतःचा रिपोर्ट काढा, नुसता स्कोअर नाही, पूर्ण रिपोर्ट. आपण सगळे सिबिल सिबिल म्हणतो पण एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा अजून तीन कंपन्या आहेत, चौघींनीही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी कोणाला पाचशे-हजार देऊ नका. स्कोअर ३०० ते ९०० च्या मधात असतो, ७५० च्या वर असला की बँकेशी बोलणं सोपं जातं.

मागच्या वर्षी आमच्याच गावचा एक रिटायर्ड नायक आला, स्कोअर ६०० च्याही खाली. ओसरीवर बसून मोबाईलवर रिपोर्ट उघडला. मोटरसायकलच्या लोनखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस थकला ते त्यात लिहिलेलं, ००० म्हणजे वेळेवर. याचे सगळे ०००, ०००, आणि मधातच ०३०, ०६०, ०९०. म्हटलं तेव्हा तू होता कुठं? बोटं मोजून म्हणाला, लेहला. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत नेलं होतं, हप्ता जुन्या खात्यातून कटायचा ते खातं रिकामं, नोटिसा गावच्या पत्त्यावर, आणि आईला वाचता येत नाही म्हणून तिनं त्या नीट घडी करून देव्हाऱ्यामागं ठेवलेल्या. या पोराला कर्जबुडवा म्हणताना ऐकलं की मला खरंच वाईट वाटते.

म्हणून प्रत्येक ओळ वाचा. साळ्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिले असाल तर ते लोन तुमच्याही रिपोर्टात दिसते, तो थकला की डाग तुम्हाला. पीक कर्जाचंही तसंच, सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जाते, आणि २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत सुटलो असं वाटत असलं तरी रिपोर्टात ते कसं दाखवलंय ते डोळ्यानं बघा, बँकेतून किंवा सोसायटीतून नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला घ्या.

सगळ्यात जास्त फसतात ते सेटलमेंटमधे. रिकव्हरीवाला म्हणते एक लाख वीस हजार बाकी आहेत, सत्तर भरा अन् मोकळे व्हा. माणूस बायकोचे दागिने ठेवून सत्तर भरते, पण रिपोर्टात शब्द येते "सेटल्ड", म्हणजे बँकेच्या भाषेत पूर्ण पैसे दिले नाही, आणि तो शब्द वर्षानुवर्षं आडवा येते. जमत असेल तर पूर्ण भरा. आधीच सेटल केलं असेल तर ब्रँचला लेखी अर्ज द्या की राहिलेली रक्कम भरतो, नो ड्यूज द्या आणि खातं "क्लोज्ड" करा, आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. तोंडी बोलण्यावर कधी जाऊ नका.

नोंदच चुकीची असेल तर त्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निपटारा व्हायला पाहिजे, नाही झाला तर पुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम २०२४ पासून लागू आहे. तरी कोणी ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, माहितीसाठी नंबर १४४४८.

डाग निघाले तरी स्कोअर लगेच चढत नाही. दहा-वीस हजाराची एफडी करून त्यावर क्रेडिट कार्ड घ्या, किराणा आणि पेट्रोल तेवढं त्यावर, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत, आणि बिल पूर्ण भरायचं. वर्षभर तरी धीर धरा. पेन्शन महिनाअखेरीला येते, तर हप्त्याची तारीख ५ च्या आसपास घ्या.

आता हिशोब. पेन्शन विकली असेल, म्हणजे काही भागाचे पैसे एकरकमी घेतले असतील, तर बँक हातात येणारी रक्कमच धरते. सगळे हप्ते मिळून कमाईच्या चाळीस-पन्नास टक्क्यांत बसले पाहिजेत, १० लाख १५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण १०,१४३ रुपये. गार्डची नोकरी करत असाल तर पगार रोख घेऊ नका, खात्यात घ्या. बायको नोकरीवर असेल तर तिला सहकर्जदार करा, आणि जिथं पेन्शन येते त्याच बँकेत आधी विचारा. वीरपत्नी आणि युद्धात अपंगत्व आलेल्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घराच्या कर्जावरच्या व्याजाच्या मदतीबद्दल आवर्जून विचारावं.

आणि जागा! खेड्यातल्या कितीतरी फाइली सिबिलवर नाही, जागेवर अडतात. गावठाणातलं घर आणि हातात ग्रामपंचायतीचा नुसता नमुना आठ असेल तर बऱ्याच बँका मान्य करत नाहीत, स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढून घ्या. वावरात बांधायचं तर एनएचा, म्हणजे जमीन बिगरशेती करायचा विषयही आधी बघा. सरकारनं दिलेली वर्ग २ ची जमीन असेल तर कलेक्टरच्या परवानगीचा विषय आधी निपटवा.

फाइलला एक पानाचं पत्र जोडा, कोणते हप्ते काहून थकले, कधी भरले, साध्या भाषेत. आमच्या नायकानं त्याला पोस्टिंग ऑर्डरची झेरॉक्स आणि देव्हाऱ्यामागच्या नोटिसा जोडल्या. मॅनेजरसाहेबानं पत्र दोनदा वाचलं, ऑर्डरवरची तारीख रिपोर्टातल्या चौकोनांशी जुळवून पाहिली, आणि मग घराचा नकाशा मागितला.