शिंपल्याचा आकार वेगळा, म्हणून जातही वेगळी? या चुका टाळा

गोड्या पाण्यातले दोन शिंपले शेजारी ठेवा. एक चपटा आणि लांबट, दुसरा आखूड आणि पोट फुगलेला. अशा वेळी हात शिवशिवतात ते दोन नावं द्यायला. हा मोह जुनाच आहे. 19व्या शतकात फ्रान्समध्ये बुर्गिन्या आणि लोकार या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकांनी ॲनोडोंटा या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या एकाच वंशात आकारातल्या बारीकसारीक फरकांवरून शेकडो नावांची खिरापत वाटली. आज युरोपात या वंशाच्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या मानल्या जातात.

नदीतली जागा न लिहिणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. शिंपल्यांचे अभ्यासक आर्नोल्ड ऑर्टमन यांनी 1920 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या नद्यांबद्दल दाखवून दिलं, की काही जातींचे शिंपले उगमाजवळच्या लहान ओढ्यांत चपटे असतात आणि नदी मोठी होत जाते तसे फुगीर होत जातात. ज्यांच्या पाठीवर गाठी असतात, अशा काहींच्या गाठीही नदीच्या खालच्या टप्प्यात जास्त ठळक होतात. फुस्कोनाया फ्लाव्हा ही जात हे नेहमीचं उदाहरण. तिचं मोठ्या नदीतलं फुगीर रूप 'ट्रिगोना' या वेगळ्या नावानं ओळखलं जायचं. दोन्ही टोकांचे नमुने पाहिले तर दोन जाती वाटतात. मधल्या पट्ट्यातले पाहिले की सीमारेषा सापडतच नाही.

असं का होतं? उथळ, वेगवान पाण्यात चपटं कवच प्रवाहाला कमी अडतं आणि तळात पटकन रुततं. मऊ गाळात फुगीर, हलकं कवच बुडत नाही. ही स्पष्टीकरणं पटण्यासारखी आहेत, पण प्रत्येक जातीला लागू पडत नाहीत. कित्येक जातींत हा कल दिसतच नाही. म्हणून नमुन्यासोबत 'नदीतून' एवढंच लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी. तळ वाळूचा की चिखलाचा, पाणी वाहतं की साचलेलं, उगमापासून किती खाली, हे लिहा. आणि काठावरच्या रिकाम्या कवचांवर फार विसंबू नका. पुरानं ती कुठून आणली, कोणाला ठाऊक?

लहानथोरांची एकत्र सरासरी काढणं

शिंपला काठानं वाढतो. प्रावाराच्या (कवचाच्या आतल्या मांसल पडद्याच्या) कडेतून नवा थर स्रवतो आणि जुन्याला जोडला जातो. ही वाढ सगळ्या दिशांना सारखी होत नाही, त्यामुळे वयाबरोबर आकार बदलतो. शंभरी ओलांडू शकणाऱ्या मार्गारिटिफेरा या मोत्याच्या शिंपल्याच्या म्हाताऱ्या कवचाची खालची कड आत वळते आणि शिंपला घेवड्याच्या दाण्यासारखा दिसतो. एका ठिकाणी पोरंटोरं आणि दुसरीकडे आजोबा मोजले, तर आलेखात दिसणारा फरक नदीचा नसतो, वयाचा असतो.

यावर एक सोपा उपाय आहे. जुन्या बाह्यरेषा वाढीच्या रेषांच्या रूपानं कवचावरच उरलेल्या असतात. मोठ्या शिंपल्यावरची 40 मिलिमीटर लांबीच्या वेळची रेषा कागदावर उतरवा आणि 40 मिलिमीटरच्या लहान शिंपल्याशेजारी ठेवा. रेषा जुळल्या, तर निदान बाह्यरेषेतला फरक वयाचा होता. मात्र प्रत्येक रेषा म्हणजे एक वर्ष असं धरू नका. वाढीत खंड पडला तरी रेषा उमटते.

नर-मादी विसरणं

मोजमापांच्या आलेखात ठिपके दोन स्वच्छ गटांत पडले, की 'दोन जाती!' म्हणून उडी मारायची घाई होते. लॅम्प्सिलिस हा वंश आणि त्याच्या नात्यातल्या वंशांत मादी कल्ल्यांत पिल्लं सांभाळते. त्यासाठी तिच्या कवचाचा मागचा भाग फुगतो. एपिओब्लाझ्मा या वंशात तर हे प्रकरण आणखी पुढे गेलंय. त्याच्या काही जातींची मादी कवच मिटून माशाचं डोकंच पकडते आणि पिल्लं त्याच्या कल्ल्यांवर सोडते. दोन गट दिसले तर आधी कवचाचा मागचा भाग बघा. उलट काही वंशांत नर-मादी बाहेरून ओळखूच येत नाहीत, तिथे अंदाज बांधू नका.

झिजलेल्या उंबोवरून उंची घेणं

उंबो म्हणजे कवचाचा बिजागरीजवळचा, सगळ्यांत जुना उंचवटा. चुना कमी असलेल्या, आम्लधर्मी पाण्यात त्यावरचं बाह्य आवरण खरवडलं गेलं की आतला चुना विरघळू लागतो. मग व्हर्नियरवर उंची कमी भरते आणि शिंपला आहे त्याहून लांबट ठरतो. झीज असेल तर तशी नोंद करा आणि लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर भर द्या. रुंदी म्हणजे शिंपल्याची जाडी, ती दोन्ही शिंपा जोडलेल्या असतानाच मोजावी.

सगळं खापर पाण्यावर फोडणं

ही चूक उलट्या टोकाची. 'आकार काय, पाण्यानं बदलतो' म्हणत खऱ्या वेगळ्या जाती एकाच पेटीत टाकल्या जातात. सारखेपणाही तितकाच फसवा. आफ्रिकेतली एथेरिया आणि कर्नाटकातली स्यूडोमुलेरिया हे शिंपले. दोघीही खडकाला चिकटून वाढतात आणि कालवांसारख्या वेड्यावाकड्या होतात. म्हणून त्यांना एका कुळात बसवलं होतं. डीएनएच्या पुराव्यानं स्यूडोमुलेरिया युनिओनिडी कुळात गेली.

वय, लिंग, झीज आणि जागा तपासूनही फरक उरलाच, तर डीएनए हा पुढचा टप्पा. पर्यावरणाचा वाटा किती, हे मात्र त्यातूनही थेट कळत नाही. त्यासाठी खुणा केलेली पिल्लं दोन ठिकाणी अदलाबदल करून वाढवावी लागतात. त्यात काही वर्षं जातात. जिवंत शिंपला मोजून झाला की उचलला तिथेच, मागचं टोक वर ठेवून परत रोवा. पाणी आत-बाहेर करण्याची जागा तिकडेच असते.