संसर्ग रोखण्यासाठी चांदी वापरताना या चुका टाळा

चांदी जंतू मारते यात शंका नाही. १८८०च्या सुमारास जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली. तोवर त्यांच्या प्रसूतिगृहात साधारण दहातल्या एका बाळाला जन्मताना आईकडून डोळ्यांचा संसर्ग होत असे आणि त्यातून कायमचं अंधत्वही येत असे. हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. पुढे १९६५मध्ये मॉयर या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या वापरल्या, १९६८मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम आणलं आणि आज ड्रेसिंग, लघवीची नळी, श्वासनलिकेतली नळी, दाराच्या मुठी, पडदे, सगळीकडे चांदी पोहोचली आहे.

अडचण पुढे सुरू होते. ‘यात चांदी आहे’ एवढं ऐकलं की वस्तू सुरक्षित झाली असं रुग्णाचे नातेवाईक, आणि खरं सांगायचं तर अनेक आरोग्य कर्मचारीही, धरून चालतात. चांदी हे औषध आहे. औषधाला मात्रा असते, मुदत असते, ते कुणाला द्यायचं नाही आणि कशाबरोबर द्यायचं नाही हे ठरलेलं असतं. खाली ज्या चुका दिल्या आहेत त्या बहुतेक सगळ्या हे विसरल्यामुळे होतात.

कोरड्या चांदीवर भरवसा ठेवणं

चकचकीत धातूरूपातली चांदी जवळजवळ निष्क्रिय असते. काम करतो तो तिच्यापासून सुटणारा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, आणि तो सुटायला ओल लागते. हा आयन जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतो, पेशीचं आवरण खिळखिळं करतो, ऊर्जा तयार करणारी साखळी बंद पाडतो. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसतो म्हणून चांदी इतक्या वेगवेगळ्या जंतूंवर चालते. पण ओल नसेल तर आयन नाही, आणि आयन नसेल तर परिणाम नाही.

पृष्ठभागांवरच्या जंतुरोधक थरांची जाहिरात वाचताना हे आठवावं. ‘२४ तासांत ९९.९ टक्के जंतू नष्ट’ हा दावा बहुधा आयएसओ २२१९६ या प्रमाणित चाचणीवरून केलेला असतो. त्या चाचणीत जंतूंचं द्रावण पातळ थराखाली झाकून ठेवतात, तापमान ३५ अंश, आर्द्रता किमान ९० टक्के, आणि वेळ पूर्ण २४ तास. वॉर्डातल्या पलंगाचा कठडा असा कधीच नसतो. तो कोरडा असतो, थंड असतो आणि दर काही मिनिटांनी त्याला कुणाचा तरी हात लागतो. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला आणि कमी आर्द्रतेत तांब्याचे मिश्रधातू जंतू मारत राहिले, पण चांदीच्या थराचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, असं प्रयोगांत आढळलं आहे. शिवाय क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिलसारख्या (रुग्णालयांत जुलाब पसरवणाऱ्या) जंतूंचे बीजाणू चांदीला दाद देत नाहीत.

तेव्हा चांदीचा थर आहे म्हणून पुसण्याची पाळी कमी करू नका, हात धुण्यात सवलत घेऊ नका. थरावर धूळ, रक्त किंवा स्रावाचा पापुद्रा बसला की जंतू त्या पापुद्र्यावर राहतात, चांदी खालीच राहते.

ड्रेसिंग चुकीच्या द्रवाने भिजवणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती चांगल्या हेतूने होते. जखम सलाईनने धुवायची सवय असते, म्हणून ड्रेसिंगही सलाईननेच ओलं केलं जातं. सलाईनमध्ये क्लोराइड असतं आणि चांदीच्या आयनांशी त्याची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, जे पाण्यात फारसं विरघळत नाही. नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांच्या, चांदीच्या ड्रेसिंगांवर म्हणूनच स्पष्ट सूचना असते: निर्जंतुक पाण्याने भिजवा, सलाईनने नको. दुसऱ्या जातीची काही सिल्व्हर ड्रेसिंगं कोरडीच लावायची असतात, जखमेतला स्राव शोषून ती आपोआप ओली होतात. प्रत्येक पाकिटातली सूचना वेगळी असते, ती दर वेळी वाचावीच लागते.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे ड्रेसिंगखाली व्हॅसलीन किंवा तेलकट मलम लावणं. तेलाचा थर आयनांची वाट अडवतो. आणि मृत ऊती विरघळवण्यासाठी कोलॅजिनेज हे विकराचं मलम चालू असेल तर त्यावर चांदी अजिबात ठेवू नये. चांदी त्या विकरालाच निकामी करते. दोन्ही औषधांचा खर्च होतो आणि जखम होती तिथेच राहते. आधी जखम स्वच्छ करायची की आधी जंतू आटोक्यात आणायचे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि एका वेळी एकच वापरा.

ड्रेसिंग चिकटून बसलं असेल तर ओढू नका. ओढताना नवी तयार झालेली नाजूक त्वचा त्याच्याबरोबर निघून येते. निर्जंतुक पाण्याने भिजवून काही मिनिटं थांबा, मग कडेने हळूहळू सोडवा. दर वेळी चिकटतच असेल तर त्या जखमेला पुरेसा स्राव नाही आणि निवडलेलं ड्रेसिंग तिच्यासाठी नाही, असा त्याचा अर्थ. उलट ड्रेसिंग दोन दिवस आधीच भिजून गळायला लागलं तर जास्त शोषणारा प्रकार हवा. आजूबाजूची त्वचा पांढरी पडून सुरकुतली असेल तर ओल प्रमाणाबाहेर गेली आहे.

भाजल्यावर आधी पांढरं मलम थापणं

भाजलं की सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम शोधायचं, ही सवय फार खोल रुजली आहे. पहिलं काम मलमाचं नाहीच. भाजलेल्या भागावर वाहतं थंड पाणी २० मिनिटं धरायचं. बर्फ नको, बर्फगार पाणीही नको. पहिल्या तीन तासांत केव्हाही हे केलं तरी उपयोग होतो. नंतर स्वच्छ आवरण घालून डॉक्टरांना दाखवायचं.

मलम आधी लावल्याने काय बिघडतं? भाजणं किती खोल आहे हे डॉक्टर त्वचेचा रंग, ओलसरपणा आणि दाबल्यावर रक्त परत येतं का यावरून ओळखतात. पांढऱ्या मलमाखाली यातलं काहीच दिसत नाही. त्यातच हे मलम जखमेतल्या स्रावाशी मिसळून पिवळसर-करडा साका धरतं, तो खोल भाजल्याच्या मेलेल्या कातडीसारखा दिसतो आणि नवखा माणूस फसतो. रुग्णाला बर्न्स सेंटरला पाठवायचं असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मलम लावू नका.

दुसरी गोष्ट, हे मलम गेली अनेक दशकं भाजण्यावरचा ठरलेला उपाय होतं. अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात मात्र या मलमाने उपचार केलेल्या भाजलेल्या जखमा भरण्याच्या बाबतीत नव्या प्रकारच्या ड्रेसिंगांपेक्षा मागे पडल्या. कारण समजण्यासारखं आहे. चांदीचा आयन जंतू आणि आपली वाढती पेशी यांत पूर्ण भेद करत नाही. शिवाय मलम रोज एकदा-दोनदा पुसून पुन्हा लावावं लागतं आणि प्रत्येक पुसण्यात नवी त्वचा दुखावते. वरवरच्या, स्वच्छ, लहानशा भाजण्याला या मलमाची गरज नसते.

कुणाला ते द्यायचंच नाही, हे लक्षात ठेवा. सल्फाची (सल्फाडायझिन याच गटातलं औषध आहे) अ‍ॅलर्जी असणारे. दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया, अपुऱ्या दिवसांची बाळं आणि दोन महिन्यांखालची बाळं, कारण यातला सल्फा बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) मोकळं करून मेंदूपर्यंत पोहोचवू शकतो. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. मोठ्या भागावर मलम लावलं असेल तर पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी करत राहावी लागते. सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्यांचा धोका वेगळा: मोठ्या जखमेतून त्या शरीरातलं सोडियम आणि क्लोराइड ओढून घेतात. मलम म्हणजे वरवरचा उपाय, त्याने आत काय होणार, हा समज भाजलेल्या कातडीच्या बाबतीत खोटा ठरतो, कारण अडवणारी त्वचाच तिथे उरलेली नसते.

स्वच्छ जखमेवर ‘असू दे’ म्हणून चांदी

शस्त्रक्रियेनंतर टाके घालून बंद केलेल्या जखमेवर सिल्व्हर ड्रेसिंग लावलं की संसर्ग टळेल, असं वाटणं साहजिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत अशा जखमांसाठी साधंच ड्रेसिंग सुचवलं. संसर्ग टाळण्याच्या हेतूने चांदीचं किंवा इतर महागडं ड्रेसिंग वापरू नये, असं त्यांचं म्हणणं आहे. पायाच्या शिरांच्या व्रणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीतही, २००९मध्ये, सिल्व्हर ड्रेसिंगने व्रण लवकर भरले नाहीत, खर्च तेवढा वाढला. त्या व्रणांना खरी गरज दाबपट्टीची असते.

मग वापरायचं कुठे? जिथे जंतूंचा भार वाढल्याची चिन्हं आहेत तिथे: अचानक वाढलेला स्राव, दुर्गंधी, वाढतं दुखणं, सहज रक्त येणारी गर्द लाल ऊती, भरत आलेली जखम थबकणं. आणि दोन आठवड्यांची मुदत घालून. २०१२च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने हाच नियम सुचवला. दोन आठवड्यांनी जखम सुधारून चिन्हं गेली असतील तर चांदी थांबवा. सुधारतेय पण चिन्हं शिल्लक आहेत, तर चालू ठेवून पुन्हा तपासा. काहीच फरक नसेल तर तिसरा आठवडा त्याच ड्रेसिंगवर घालवू नका. साखर किती आहे, पायात रक्त पोहोचतंय का, हाडापर्यंत संसर्ग गेलाय का, जखमेवर सतत दाब पडतोय का, हे शोधायला लागा.

ताप, थंडी, जखमेभोवती पसरत जाणारी लाली किंवा वर सरकणारी लाल रेघ दिसली तर ड्रेसिंग बदलत बसू नका. संसर्ग रक्तात किंवा खोल ऊतींत उतरू लागला आहे, त्याला पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं. चांदी तिथे पोहोचत नाही.

नळीवर चांदी आहे म्हणून नळी ठेवून देणं

लघवीच्या कॅथेटरवर चांदीच्या मिश्रधातूचा थर दिला की संसर्ग कमी होईल, ही अपेक्षा ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ७,१०२ रुग्णांवर तपासली गेली. निकाल २०१२मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. थोड्या दिवसांसाठी घातलेल्या कॅथेटरमुळे लक्षणं असलेला संसर्ग झाला चांदीवाल्या गटात १२.५ टक्के रुग्णांना आणि साध्या कॅथेटरच्या गटात १२.६ टक्के रुग्णांना. म्हणजे फरक नाहीच.

कॅथेटर आत असताना लघवीत जंतू येण्याचा धोका रोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. हा धोका कमी करायचा तर नळी काढावी लागते. म्हणून राऊंडला रोज एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: या रुग्णाला आज नळीची गरज आहे का? पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर आहे ना, जमिनीला टेकत नाही ना, जोड उघडलेला नाही ना, हे पाहणं कोणत्याही थरापेक्षा जास्त मोलाचं आहे.

श्वासनलिकेतल्या नळीचं चित्र थोडं निराळं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॅसेंट चाचणीत, २४ तास किंवा जास्त काळ नळी असलेल्या रुग्णांत, व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया ७.५ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आला. मृत्यू किंवा आयसीयूतले दिवस मात्र घटले नाहीत. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक आणि सिल्व्हर सल्फाडायझिन असा दुहेरी थर दिलेल्या सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) उपयोग दिसला आहे, पण मूलभूत काळजी काटेकोर घेऊनही संसर्ग कमी होत नसतील आणि लाइन पाच दिवसांहून जास्त राहणार असेल, तरच. ती घालण्याआधी क्लोरहेक्सिडीनची अ‍ॅलर्जी विचारायला विसरू नका. तिची तीव्र प्रतिक्रिया जीवघेणी ठरू शकते.

चांदी कधीच अपाय करत नाही असं मानणाऱ्यांनी हृदयाच्या झडपेची गोष्ट जाणून घ्यावी. सेंट ज्यूड मेडिकल कंपनीने सिल्झोन नावाच्या कृत्रिम झडपेच्या शिवणकडेवर चांदीचा थर दिला. हेतू होता झडपेचा संसर्ग टाळण्याचा. चाचणीत झडपेच्या कडेने रक्त गळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि जानेवारी २०००मध्ये ती झडप बाजारातून परत घ्यावी लागली.

चांदीचं पाणी पिणं

कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण असलेलं पाणी, पिऊन प्रतिकारशक्ती वाढते, विषाणू मरतात, असे दावे अजून फिरतात. पिऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९मध्येच जाहीर केलं की चिठ्ठीविना मिळणारी अशी उत्पादनं कोणत्याही आजारावर सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. पोटात गेलेल्या चांदीचा काही भाग त्वचेत साठत जातो, उजेडाने काळवंडतो आणि चेहरा, नखं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर-राखाडी होतो. याला आर्जिरिया म्हणतात. चांदी बंद केल्यावरही हा रंग आपोआप जात नाही. अशा द्रावणामुळे थायरॉइडचं औषध आणि काही अँटिबायोटिक नीट शोषली जात नाहीत, तो तोटा वेगळाच.

सिल्व्हर ड्रेसिंगखालची कातडी काळपट दिसली तर मात्र लगेच घाबरू नका. तो बहुधा वरवरचा डाग असतो आणि वरची त्वचा बदलली की जातो. काळा भाग कडक, थंड, बधिर असेल किंवा त्याला वास येत असेल तर ती ऊती मेली आहे. ते त्याच दिवशी दाखवा.

जंतू चांदीला सरावत नाहीत असं समजणं

सरावतात. १९७५मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागातून सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणाऱ्या साल्मोनेला या जंतूची नोंद झाली. पुढे त्यामागची ‘सिल’ जनुकं सापडली. ती जंतू एकमेकांना देऊ शकतात, आणि एंटरोबॅक्टर व क्लेब्सिएला या रुग्णालयांत आढळणाऱ्या जंतूंमध्येही ती सापडतात. गरज नसताना चांदी वापरायची नाही, याला हे सर्वांत सबळ कारण आहे.

ड्रेसिंगखाली चांदी आहे हे न सांगणं

चांदी वीज वाहून नेते. ईसीजीचे इलेक्ट्रोड किंवा त्यांची जेल सिल्व्हर ड्रेसिंगला टेकू देऊ नका. एमआरआयआधी ते काढायचं का, हे त्या उत्पादनाच्या सूचनेत पाहा. रेडिओथेरपीचे किरण पडणाऱ्या जागेवर ड्रेसिंग असेल तर उपचाराआधी काढून घ्या. वरून सगळी ड्रेसिंगं सारखीच पांढरी दिसतात, म्हणून पट्टीवर पेनाने तीन गोष्टी लिहा: ‘सिल्व्हर’, लावल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख. केसपेपरवर चौथी लिहा, दोन आठवडे कधी संपतात ती.