आडवी बाटली करायची तर आधी मतदार यादी हातात घ्या

आमच्या गावात देशीचं दुकान एसटी थांब्याला लागून होतं. आतली गर्दी बाहेर पारावर बसायची. प्लास्टिकचे ग्लास, चखण्याच्या पुड्या, आणि त्यातून वाट काढत हायस्कूलच्या पोरी. पोलिसांना फोन केला की गाडी यायची, पार रिकामा व्हायचा आणि गाडी वळली की पुन्हा भरायचा. म्हणून आम्ही बचत गटातल्या बायकांनी दुकानच बंद करायचं ठरवलं. दुसऱ्या गावच्या बायका आता विचारायला येतात, म्हणून लिहून ठेवते.

२००८च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना प्रत द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

सह्या गोळा करणं सोपं आहे, त्या टिकवणं अवघड. पहिल्या खेपेला आम्ही ३४० सह्या दिल्या, पडताळणीत टिकल्या २७१. लागत होत्या ३१३. साहेब आले सकाळी अकराला, आणि बाया सगळ्या भांगलणीला. काहींनी अर्जावर सही केली होती आणि साहेबांसमोर अंगठा दिला. दुसऱ्या खेपेला प्रत्येक सहीपुढे यादीतला अनुक्रमांक लिहिला, मतदार कार्डावरचंच नाव घातलं, आणि पडताळणीच्या दिवशी कुणी रानात जायचं नाही असं गटाच्या बैठकीत ठरवून घेतलं. एका दिवसाची मजुरी बुडाली. ती बुडणारच, आधीच सांगून ठेवा.

आता खरी मेख. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जाते. मेलेलीसुद्धा. आमच्या यादीत १,२५१ नावं होती. त्यात माझी सासू, जाऊन चार वर्षं झालेली. आणि सासरी गेलेल्या कितीतरी लेकी. मयतांसाठी नमुना ७, म्हणजे यादीतून नाव काढायचा अर्ज, भरा. सासरी गेलेल्या लेकींना तिकडून नमुना ८, म्हणजे पत्ता बदलायचा अर्ज, भरायला लावा, आणि आपल्या गावात आलेल्या सुनांकडूनही तोच भरून घ्या. बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याच्या, मागे लागावं लागतं. आम्हाला पाच महिने लागले, पण जमा-वजा होऊन आकडा १,१८४ वर आला.

म्हाताऱ्यांना चित्र शिकवायला विसरू नका. आमची एक आजी म्हणायची, "उभी म्हणजे बंदी उभी राहिली की गं!" तिच्यापुढे पाणी भरलेली बाटली ठेवली आणि आडवी केली. सगळं सांडलं. "ही सांडायची," म्हटल्यावर तिला कळलं. मग दारोदार तेच केलं.

मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत कोण फिरतंय, कुणाच्या घरी साड्या येतायत, यावर दोघी-दोघींनी नजर ठेवा. मतदानादिवशी रानातल्या बायकांसाठी टेम्पो सांगा. दुपारी दोनला यादी घेऊन बसा आणि कोण आली नाही ते बघून घरी जा. नवऱ्याशी वाद घालत बसू नका, बाईला हाताला धरून आणा.

आडवीला ६०८ मतं पडली. लागत होती ५९३. जुनी यादी असती तर ६२६ लागली असती.

दुकानाला कुलूप लागल्यावर महिन्याभरात एका घरातून पोत्यात बाटल्या विकायला लागले. त्याला मतदान लागत नाही, तो सरळ गुन्हा आहे. ११२ला फोन करा, उत्पादन शुल्ककडे लेखी तक्रार द्या आणि तारीख वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत आतापर्यंत सात तारखा आहेत.