दार उघडलं की अडचण: लहान फ्लॅटचा प्रवेश सुधारताना या चुका टाळा

वन बीएचकेमध्ये प्रवेशासाठी वेगळी जागा अशी नसतेच. दार उघडलं की थेट हॉल. ठाणे-डोंबिवलीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत हजारो फ्लॅट असेच आहेत. कोणी आलं की आतल्या माणसाने मागे सरकायचं, येणाऱ्याने एका पायावर उभं राहून बूट काढायचे, आणि हातातली पिशवी कुठे ठेवायची ते दोघांनाही कळत नाही. मग ठरतं, "एंट्रन्स जरा चांगला करून घेऊ." पैसे जातात दाराच्या नव्या लॅमिनेटवर, सीएनसी (मशीनने कोरलेल्या) जाळीवर आणि मागून उजेड देणाऱ्या नावाच्या पाटीवर. अडचण मात्र दारात नसतेच. ती असते दारामागच्या तीन फूट फरशीवर. ती फरशी मोकळी झाली नाही, तर वरची सजावट कितीही महाग असो, एक पाय हवेत राहणारच.

दार किती जागा खातं, हे न मोजणं

तीन फूट रुंदीचं दार आत उघडताना सुमारे सात चौरस फूट जागा झाडून काढतं. दार साडेतीन फुटांचं असेल तर साडेनऊ. ही जागा कोणत्याही प्लॅनमध्ये तुमचीच दाखवलेली असते, पण तिथे काहीच ठेवता येत नाही. सुताराला बोलवण्याआधी खडू घ्या, दार पूर्ण उघडा आणि त्याच्या कडेने फरशीवर कमान काढा. दार नव्वद अंशांपर्यंत उघडत नसेल, तर त्याच्या मागे काय अडतंय ते पहिलं बघा. बहुतेक वेळा चपलांचा रॅक असतो, नाहीतर खुंटीला लटकलेल्या चार पिशव्या आणि हेल्मेट.

सेफ्टी डोअर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. आतलं दार आत उघडतं, जाळीचं बाहेर. दोन्हींच्या बिजागऱ्या एकाच बाजूला असतील तर वाट सरळ मोकळी होते. विरुद्ध बाजूंना असतील तर येणाऱ्याला दोन दारांमधून वळसा घालत आत शिरावं लागतं, आणि गॅस सिलिंडर आला की रोजची कटकट कळते. बिजागऱ्यांची बाजू बदलून घेणं हे चांगल्या सुताराचं एका दिवसाचं काम आहे. नव्या पाटीपेक्षा तो खर्च कधीही सार्थकी लागतो. फक्त दिव्याचं बटण मग दारामागे जाणार नाही ना, हे आधी बघा.

चपलांचा रॅक: सगळ्यात जास्त चुका इथेच

मोठ्या माणसाचा बूट साधारण अकरा-साडेअकरा इंच लांब असतो. त्यामुळे सरळ फळ्यांच्या रॅकला बारा-तेरा इंच खोली लागते. दारालगत एवढी जागा नसते, तरी लोक तयार रॅक आणतात आणि मग दार अर्धंच उघडायला लागतं. चौकटीपासून कोपऱ्यापर्यंतची भिंत मोजा. दारामागे काही ठेवायचं तर त्याची खोली या मापापेक्षा कमीच हवी. तिथे सात-आठ इंचांची जागा असेल तर पुढे झुकून उघडणाऱ्या कप्प्यांचा रॅक बसतो, कारण त्यात चपला तिरक्या उभ्या राहतात. चार इंचच असतील तर रॅकचा नाद सोडा, तिथे किल्ल्यांच्या खुंट्या लावा.

दुसरी चूक म्हणजे रॅक थेट फरशीवर टेकवणं. रोज फरशी पुसताना पाणी खाली जातं आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) असेल तर दोन पावसाळ्यांत तळ फुगतो. रॅक चार-सहा इंच उंच पायांवर किंवा भिंतीवर टांगलेला घ्या. खालच्या मोकळ्या जागेत रोजच्या स्लीपर आपोआप सरकतात. झाकणांना झडपा किंवा भोकं असू द्या. पूर्ण बंद कपाटात ओले बूट ठेवले की जुलैत कातड्यावर बुरशी येते आणि वास हॉलभर पसरतो. ओल्या चपलांसाठी काठ असलेला प्लास्टिकचा ट्रे वेगळा ठेवा. छत्रीला सेफ्टी डोअरची जाळी पुरते. दुधाच्या पिशवीचा हूक तिथे असतोच, शेजारी आणखी एक लावायचा.

आणि रॅक गणपतीच्या आरतीची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून बनवू नका. ती वर्षातून काही दिवसच असते. घरातल्या प्रत्येकाचे रोजचे दोन जोड दाराशी, बाकीचे माळ्यावर किंवा पलंगाखाली.

आतली अडचण बाहेर ढकलणं

"आत जागा नाही, मग पॅसेजमध्ये ठेवू" हा उपाय सगळ्या मजल्यांवर दिसतो. रॅक, कुंड्या, मुलांच्या सायकली. पॅसेज सोसायटीचा सामाईक असतो, आणि आग लागली की धुरात, अंधारात लोक तिथूनच पळतात. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक आणि राहणाऱ्यांवर टाकली आहे. यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र असूनही होज रीलच्या (आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपच्या) दारापुढे तुमचा रॅक असेल तर उपयोग काय? बाहेर पायपुसणं आणि उंबऱ्यापुढे रांगोळीपुरती जागा, एवढंच असावं.

पायपुसण्याचंही तारतम्य हवं. काथ्याचं जाड बाहेर, पातळ आत. आतलं जाड असेल तर दार त्यात अडकतं, आणि मग घरातलं कोणीतरी ते रोज पायाने सरकवत बसतं.

आडोशाच्या नादात अंधार

दारातून थेट बेडरूम दिसते, म्हणून छतापर्यंत बंद पार्टिशन उभं केलं जातं. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये त्याने वारा अडतो, उजेड जातो आणि दाराशी एक अंधारा बोळ तयार होतो. अशा वेळी मधे फटी असलेल्या उभ्या पट्ट्या किंवा कंबरेइतका आडोसा पुरतो. मधे निदान तीन फूट वाट सोडा, नाहीतर पुढे फ्रिज किंवा कपाट बदलायची वेळ आली की पार्टिशनच काढावं लागेल. खरं सांगायचं तर बेडरूमच्या दाराला साधा पडदा लावून प्रश्न सुटत असेल, तर पार्टिशन करूच नका. वास्तूवाले काय म्हणतात ते ज्याने त्याने बघावं. भिंतीत वारा शिरत नाही एवढं नक्की.

घरात आजी-आजोबा असतील तर पार्टिशनच्या पैशांत सतरा-अठरा इंच उंचीचं भक्कम स्टूल आणि भिंतीवर धरायला एक हँडल बसवा.

दारावरच्या एमसीबी बॉक्सला (विजेचे ट्रिप होणारे स्विच असतात त्याला) पॅनेलने झाकून स्क्रू मारू नका. रात्री लाइट गेली की स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो. हाताने उघडेल अशी झडप ठेवा. बाहेरचा दिवा दारासमोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर पडेल असा लावा. पाठीमागून उजेड आला तर पीपहोलमधून नुसती सावली दिसते.

पावसाळ्यात दार अडकतं म्हणून लगेच रंधा

आधी नेमकं कुठे घासतंय ते बघा. कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला आणि खालचा फरशीला घासत असेल, तर दार फुगलेलं नाही, खाली आलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. भोकं मोठी झाली असतील तर फेविकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकून रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू परत बसवा.

संपूर्ण कड फक्त पावसाळ्यातच घट्ट होत असेल, तर लाकडाने ओल धरली आहे. आत्ता भरपूर रंधा मारला तर एप्रिलमध्ये फट पडेल. तात्पुरतं कडेला मेणबत्ती घासा आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासा. ओल बहुधा दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेतून शिरते, कारण तिथे रंग किंवा लॅमिनेट कोणी लावतच नाही. त्या दोन्ही कडांना प्रायमर आणि रंग लावून घ्या. खालच्या कडेसाठी दार उतरवावं लागतं, म्हणून सुताराला कोरड्या दिवसात सकाळी लवकर बोलवा. सेफ्टी डोअर नसेल तर संध्याकाळपर्यंत दार परत चढलंच पाहिजे.