इंग्लंडमध्ये केअररचे काम करू इच्छिणाऱ्या कोकणवासीयांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून केअररच्या, म्हणजे म्हाताऱ्या व आजारी माणसांची देखभाल करण्याच्या, कामासाठी इंग्लंडला येऊ पाहणाऱ्यांनी सर्वप्रथम हे समजून घ्यावे की, ज्या वाटेने आमच्यापैकी बहुतेक जण आले ती वाट आता बंद झाली आहे. 15 फेब्रुवारी 2022 रोजी केअररना हेल्थ अँड केअर व्हिसा मिळू लागला, 11 मार्च 2024 पासून या व्हिसावर नव्याने येणाऱ्या केअररना पती, पत्नी व मुलांना सोबत आणण्यास मनाई झाली आणि 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवे केअरर आणणेच थांबले. त्यामुळे आज या कामात नव्याने शिरणारा आपला माणूस साधारणपणे तीन प्रकारचा असतो: नर्स किंवा इंजिनीअर असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर आलेला, शिकायला येऊन आठवड्याला 20 तासांच्या मर्यादेत काम करणारा, किंवा आधीच इथे असून मालक बदलू पाहणारा. पुढील सर्व मजकूर या तिघांसाठी आहे. गावात बसून एजंटाच्या फोनची वाट पाहणाऱ्यांसाठी फक्त यापुढचा परिच्छेद आहे, परंतु तो त्यांनी दोनदा वाचावा.

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे स्पॉन्सर होणारा इथला मालक व्हिसासाठी कामगाराला देतो तो दाखला, ही विकत घेण्याची वस्तू नाही. ते विकणे बेकायदेशीर आहे, आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेण्यास ब्रिटनमध्ये 1973 च्या कायद्यापासून मनाई आहे. आपल्याकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. तो नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. असे असूनही हापूसची कलमे गहाण टाकून, सोसायटीचे कर्ज काढून, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने मोडून लाखो रुपये मोजलेली घरे मला ठाऊक आहेत. आमच्याच वाडीच्या शेजारचा एक मुलगा असाच आला. त्याला कागदावर आठवड्याला 39 तास काम होते आणि प्रत्यक्षात कधी दहा तास मिळत, कधी तेवढेही नाहीत. पुढे त्या कंपनीचा परदेशी कामगार ठेवण्याचा परवानाच रद्द झाला आणि नवा स्पॉन्सर शोधण्यासाठी त्याच्या हाती 60 दिवस उरले. व्हिसा असलेला माणूस पैसे देऊनही असा रस्त्यावर येतो, मग आज जो व्हिसा अस्तित्वातच नाही त्यासाठी पैसे देणाऱ्याचे काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ‘मागच्या तारखेचे पत्र काढून देतो’, ‘पाच कोटे शिल्लक आहेत’, ‘पैसे आत्ता भरा, फाइल आपोआप पुढे सरकेल’ ही वाक्ये ऐकू आली की फोन ठेवावा. बोलणारा मराठी असला, गणपतीत तुमच्या ओटीवर चहा पिऊन गेलेला असला, तरीही ठेवावा.

आता जे इथे पोहोचले आहेत त्यांच्याविषयी. मी दक्षिण किनाऱ्यावर काम करते. बोर्नमथपासून वर्दिंगपर्यंतच्या या पट्ट्यात निवृत्त माणसे समुद्राकाठी येऊन राहतात, त्यामुळे केअर होम भरपूर आहेत आणि माणसांची टंचाई कायमची आहे. काम सुरू होण्यापूर्वी डीबीएस नावाची चारित्र्य पडताळणी होते. भारतातले पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून आधीच आणलेले असेल तर पुष्कळ वेळ वाचतो. त्यानंतर केअर सर्टिफिकेट, म्हणजे नव्या केअररच्या मूलभूत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. ते 2015 मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यात 15 मानके होती. मार्च 2025 पासून बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम यांविषयीचे सोळावे मानक त्यात आले. ते साधारण बारा आठवड्यांत पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते. पुष्कळ नवे लोक घरी बसून व्हिडिओ पाहतात, प्रश्नांवर टिकमार्क करतात आणि प्रमाणपत्र मिळाले असे समजतात. तसे ते होत नाही. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी कोणीतरी जाणत्याने तुमचे काम पाहून सही करावी लागते, आणि अशी सही नसलेले प्रमाणपत्र पुढचा मालक बाजूला ठेवतो. गावाकडे जीडीएचा (रुग्णसेवा सहायकाचा) कोर्स केलेला असेल, रुग्णालयात आया किंवा वॉर्डबॉय म्हणून काम केले असेल, तर ते हाताला उपयोगी पडेल, मात्र केअर सर्टिफिकेटची जागा घेणार नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये केअररची स्वतंत्र नोंदणी लागते; तिकडे जाणाऱ्यांनी ती आधी विचारून घ्यावी.

प्रशिक्षणातला जो भाग आपली माणसे सर्वांत हलक्यात घेतात तो म्हणजे माणसाला उचलणे. आपल्याकडे घरात म्हातारे माणूस पडले की दोघे धावतात, काखेत हात घालतात आणि त्याला उभे करतात. इथे काखेत हात घालून उचलणे पूर्णपणे निषिद्ध आहे. त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळू शकतो, कातडी फाटते आणि तुमची स्वतःची कंबर कायमची जाते. पडलेल्या माणसाला प्रथम तसेच राहू द्यावे, कुठे दुखते ते विचारावे, मदत बोलवावी. ज्याला उभे राहता येत नाही त्याच्यासाठी होइस्ट, म्हणजे माणसाला उचलण्याचे यंत्र, असतो, त्याची स्लिंग (कापडी झोळी) त्या माणसाच्या मापाची असते आणि बहुतेक ठिकाणी तो दोघांनीच चालवायचा असा नियम असतो. होइस्ट व स्लिंग यांची दर सहा महिन्यांनी तपासणी झाल्याची चिठ्ठी त्यावर पाहावी. मुदत उलटली असेल तर हात लावू नये, सीनियरला सांगावे. रात्रपाळीला जोडीदार दुसऱ्या खोलीत अडकला आहे आणि घंटी वाजते आहे, अशा वेळी ‘एकटीच करते, दोन मिनिटांचे तर काम’ असा मोह होतो. आपल्या मुली कष्टाळू असतात, कामाला नाही म्हणण्याची सवय नसते, आणि नेमक्या तिथेच त्या अडकतात. अपघात झाला की कष्टाळूपणा कोणी विचारत नाही. केअर प्लॅनमध्ये दोन माणसे लिहिलेली असताना एकीने का उचलले, एवढेच विचारले जाते.

माझ्या मते या कामात आपल्याला खरी अडचण इंग्रजीची नसते, सेवेच्या आपल्या कल्पनेची असते. घरात आजी आजारी पडली की सून तिचे सगळे हातात देते, भात कालवून घास भरवते, केस विंचरते, आणि त्यात प्रेम असते यात शंका नाही. इथे त्याच गोष्टीची तक्रार होऊ शकते. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला शर्ट घालायचा असेल तर अधू हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण त्यापुढचे शिकायला वर्ष लागते. चांगल्या हाताची बाही तो स्वतः घालू शकतो, त्याला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे आपण हात मागे घेऊन उभे राहायचे असते. बटणे लावून दिली तर तुमचा वेळ वाचतो आणि त्याच्या बोटांत उरलेली हालचाल महिन्याभरात जाते. कोणता शर्ट, आंघोळ आत्ता की दुपारी, दार उघडे की बंद, हे सगळे विचारायचे. 2005 चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट असे मानतो की, उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय घेण्यास समर्थ आहे, आणि केवळ निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून त्याला असमर्थ ठरवता येत नाही. मधुमेह असलेल्या आजोबांनी दुसरा केक मागितला तर धोका समजावून सांगावा, नोंद करावी. पण ताटली हिसकावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे आपल्या मनाला पटायला जड जाते, कारण आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या भल्याचे निर्णय परस्पर घेणे हेच कर्तव्य समजले जाते. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारणेही सुरुवातीला जिभेवर येत नाही. त्यांना काय म्हटलेले आवडेल ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

गोळ्यांच्या बाबतीत तर घरची रीत पूर्णपणे विसरावी. गुळाच्या खड्यात किंवा केळ्यात गोळी लपवून देणे आपल्याकडे सर्रास चालते. इथे डॉक्टर, फार्मासिस्ट आणि कुटुंब यांचा लेखी निर्णय झाल्याशिवाय ते करणे हा गंभीर गुन्हा समजला जातो. गोळी नाकारली तर मार चार्टवर, म्हणजे औषधे दिल्याची नोंद ठेवण्याच्या तक्त्यावर, नाकारल्याची खूण करावी आणि सीनियरला कळवावे. चार्टवरील रिकामा चौकोन सर्वांत वाईट, कारण गोळी दिली की नाही हेच त्यातून कळत नाही.

जेवणाचेही तसेच. गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी अन्नाच्या आणि पेयांच्या दाटपणाला 0 ते 7 अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. आपण आजाऱ्याला पातळ पेज देतो. इथे मात्र पुष्कळदा पातळ तेच घातक असते, ते श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून चहातसुद्धा मोजून थिकनर (दाटपणा आणणारी पूड) घालावा लागतो. अंदाजाने चमचा मारू नये.

नोंदी लिहिण्याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण नोकऱ्या इथेच जातात. ‘सर्व काही व्यवस्थित केले’ असे शिफ्टच्या शेवटी लिहून घरी जाणारे पुष्कळ आहेत. त्याऐवजी नोंद अशी असावी: साडेआठला चहा 150 मिलिलिटर प्यायल्या, टोस्ट नको म्हणाल्या, अर्धे केळे खाल्ले, कपडे बदलताना डाव्या टाचेवर सुमारे दोन सेंटिमीटरचा लाल डाग दिसला, दाबल्यावर फिका पडत नाही, टाच उशीने अधांतरी ठेवली, सीनियरला नऊ वाजता सांगितले. न फिका पडणारा तो डाग म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात असते. आज तो लिहिला तर बिछाना, कूस बदलण्याचे तास, डिस्ट्रिक्ट नर्स हे सगळे हलते. न लिहिल्यास आठवड्यात तिथे भोक पडते आणि चौकशीत त्या दिवशी कोण होते हे पाहिले जाते. जे केले नाही ते केले म्हणून लिहिणे तर कधीही नको. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या सकाळी एकदम ठोकणारे लोक पकडले जातात, कारण हल्ली नोंदी फोनवर होतात आणि वेळ आपोआप उमटते. रहिवाशाची मुलगी या नोंदी बारकाईने वाचते, प्रश्न विचारते, तेव्हा आपल्या लोकांना ती खवचट वाटते. तिची बाजूही समजून घ्यावी: इंग्लंडमध्ये 23,250 पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्याला होमचा खर्च स्वतःच करावा लागतो, आणि आईचे घर विकून आलेल्या पैशांतून ती आठवड्याचे बिल भरत असते.

घरोघरी जाऊन करायचे काम घेणार असाल तर पगाराचा हिशेब आधी समजून घ्या. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे, आणि तो धरून किमान वेतन मिळालेच पाहिजे; 21 वर्षे व त्यावरील कामगारांसाठी ते एप्रिल 2025 पासून तासाला 12.21 पौंड होते आणि एप्रिल 2026 पासून 12.71 पौंड झाले. काही कंपन्या फक्त घरातली मिनिटे मोजतात. मग सकाळी सातला निघून रात्री दहाला परतणाऱ्या बाईला सात तासांचा पगार मिळतो. प्रत्येक कॉलची (घरभेटीची) सुरुवात, शेवट आणि अंतर स्वतःच्या वहीत लिहावे, आणि पैसे कमी आले तर कामगारांच्या हक्कांविषयी सल्ला देणाऱ्या एकास या संस्थेच्या मोफत हेल्पलाइनवर विचारावे. युनिसनसारख्या युनियनचे सदस्य होण्यात लाज नाही. भारतीय परवान्यावर इथे बारा महिने गाडी चालवता येते, तोवर इथली परीक्षा उरकावी. आणि गाडीच्या विम्यात व्यवसायासाठीचा वापर नोंदवलेला असल्याची खात्री करावी, कारण साध्या विम्यावर एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना ठोकर बसली तर कंपनी हात वर करते.

आपल्या लोकांविषयी स्पष्ट लिहिल्यास राग येईल, पण लिहिते. केरळच्या मुली नवीन आलेलीला पहिल्या दिवशी रोटा (पाळ्यांचा तक्ता) कसा वाचायचा, कोणती एजन्सी पैसे बुडवते, कोणती सीनियर चांगली शिकवते, हे सांगून टाकतात. आपल्यात जागा निघाली की ती लपवून ठेवण्याकडे कल असतो, आणि गावात मात्र फोटो समुद्राकाठचेच जातात. ओव्हरटाइमची चढाओढही आपल्यातच अधिक. सलग बारा तासांच्या सहा शिफ्ट करणाऱ्याचे कौतुक करू नका. सहाव्या दिवशी तोच गोळ्यांची गल्लत करतो. इंग्रज माणसे तोंडावर ओरडत नाहीत, मॅनेजर हळूच सुचवतो. ती सूचना हुकूम समजावी.

थंडीचे कपडे इथेच घ्यावेत, गावाहून आणू नयेत. बूट मात्र चांगले आणि न घसरणारे असावेत.

रजेचे शेवटी सांगते, कारण कोकणातल्या माणसाचे वर्ष गणपतीभोवती फिरते. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला 28 दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळते, पण त्यांत सार्वजनिक सुट्ट्या धरलेल्या असू शकतात आणि ख्रिसमसला काम करावेच लागते. पुष्कळ ठिकाणी रजेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे; त्या सुमाराची रजा एप्रिलमध्येच मागावी, कारण उन्हाळ्याच्या शेवटी मुलाबाळांचे सहकारी आधीच जागा अडवून बसतात. मॅनेजरने तोंडी ‘होईल’ म्हटले म्हणून तिकीट काढू नये. रोट्यावर मंजुरी दिसू द्यावी, मगच मोपा की मुंबई ते ठरवावे.